बिनबांधाचा ग्रह

हवालदार लालासाहेब बावीस वर्षं देशाची सीमा राखून कराडजवळच्या आपल्या गावी परतले आणि चुलतभाऊ वीरधवलशी दीड हात बांधावरून भांडायला लागले. फौजेत गोळी झाडायची वेळ कधी आली नव्हती. ती सगळी हौस कोर्टात फिटली.

अठरा वर्षं तारखा पडत राहिल्या. तेवढ्या काळात त्यांची लेक अंकिता शिकून पुण्याला संशोधन करू लागली, आणि तिच्या गटाला दूरच्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला. गुरूहून मोठा, पृथ्वी आत हजारदा मावेल एवढा! लालासाहेबांची छाती फुगली. लेकीच्या लग्नाच्या बायोडाटात 'स्थावर'खाली 'बागायत अडीच एकर' होतंच. त्याखाली त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मुलीच्या नावे ग्रह एक.'

"आवं, असलं कोण लिवतं का?" बायको चंद्राबाई म्हणाल्या.

"दुसऱ्या कुणाकडं हाय का दाखव!"

त्या ओळीच्या नादानं मिरजेकडचं तालेवार स्थळ दारात आलं. मुलगा दिग्विजय पोहे खात होता, बोलत होते त्याचे मामा. अंकिताचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. ग्रहाचं काम अजून दोन वर्षांचं होतं, आणि वडिलांच्या होकाराशिवाय ते पुढं जाणार नव्हतं.

पोहे संपवून मामांनी विचारलं, "वरली जमीन कशी हाय? काळी का मुरमाड?"

"जमीनच नाही," अंकिता म्हणाली. "सगळा वायू. वर्ष अडीच दिवसांत संपतं. एका बाजूला कायम दिवस, हजार अंशांची धग. वारा असा, की काचेचा पाऊस पडत असेल तर तोही आडवा."

"म्हंजी पाय ठेवाय जागा न्हाई?"

"नाही."

लालासाहेबांचे कान तापले. एवढा थोरला ग्रह, आणि गुंठाभर जमीन निघू नये! त्यांना खरोखर लाज वाटली.

मामा हसले. "मग असलं काम कशाला करायचं? लग्नानंतर सोडा म्हणावं. आजच सुपारी फोडू."

अंकिता बापाकडं बघत होती. लालासाहेबांना एकाएकी आठवलं, तिच्या बारावीच्या निकालादिवशी आपण कोर्टात होतो. पदवी मिळाली त्या दिवशीही.

"पाव्हणं," ते म्हणाले, "जिथं पाय ठेवाय जागा हाय, त्या दीड हातापायी माजी अठरा वर्सं गेली. पोरीच्या ग्रहावर बांध न्हाई, भाऊबंद न्हाई. ती काम सोडणार न्हाई. च्या घ्या."

पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. लालासाहेबांनी बायोडाटा नव्यानं लिहिला आणि ग्रह 'स्थावर'मधून काढून 'शिक्षण'खाली घातला. बांधाचा दावा मात्र काढून घेतला नाही. तेवढी अक्कल एका दिवसात येत नसते.

पण पुढची तारीख आणि अंकिताचं पुण्यातलं भाषण एकाच दिवशी आलं. सभागृहात पहिल्या रांगेत बसलेल्या लालासाहेबांना वकिलाचा फोन आला, कुठं आहात?

"भायेर हाय," ते हळूच म्हणाले. "लय लांब."