हिरव्या तारेचा हट्ट

आमच्या ह्यांच्या आत्याइतकी निश्चयाची बाई कावेरीच्या ऐलतीराला झाली नाही. पैलतीराला कोणी झाली असलीच, तर तिची आणि आत्याची गाठ पडली नाही हे त्या नदीचं नशीब. दोघींनी मिळून तिला उलटी वाहायला लावली असती. मी लग्न होऊन साताऱ्याहून कुंभकोणमला आले तेव्हा आत्या पन्नाशीच्या आसपास असेल. अंगानं काटकुळी, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, नऊवारी घट्ट खोचलेली आणि चालणं असं, की समोरून येणारी बैलगाडी आधी थांबायची. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर होतं आणि परसातून ये-जा. त्या घरांतून मराठीच बोलत, पण ती मराठी पिढ्यान्‌पिढ्या तंजावरच्या पाण्यात मुरलेली. पहिल्याच आठवड्यात आत्या मला म्हणाली, "गे, अप्पांस पूस, जेवावयास बैसतात काय." अप्पा म्हणजे तिचे यजमान. ते नुकतेच विहिरीवरून आंघोळ करून आले होते. मी नवी नवरी, आज्ञा पाळायची म्हणून पंचा घेऊन त्यांच्यापाशी गेले आणि त्यांची पाठ पुसू लागले. अप्पा स्वभावानं इतके गरीब, की त्यांनी मुकाट्यानं पुसून घेतली. 'पूस' म्हणजे 'विचार' हा अर्थ मला कळेपर्यंत आत्या हसून हसून उंबऱ्यावर बसली होती. त्या दिवसापासून मी तिची झाले.

आत्याचा निश्चय हा हट्टी माणसाचा निश्चय नव्हता. हट्टी माणसाला आपलं खरं करायचं असतं. आत्याला गोष्टीचा शेवट बघायचा असे. आडुतुरैला भाताच्या नव्या जातीचं संशोधन चालतं हे तिनं ऐकलं होतं. तिथला तांदूळ कोणीतरी घरी आणून दिला, तर त्याला पाणी किती घालायचं हा प्रश्न पडला. दुसरी बाई अंदाजानं घालती. आत्या आगगाडीत बसून आडुतुरैला गेली आणि तिथल्या साहेबांना तिनं तोच प्रश्न केला. साहेबांना रोपाची उंची ठाऊक होती, लोंबीतले दाणे ठाऊक होते. भाताला पाणी ठाऊक नव्हतं. "मग घरी पुसून या, मी बैसते," असं म्हणून ती तिथल्या बाकावर बसली. साहेब खरोखर सायकलवरून घरी जाऊन बायकोला विचारून आले. एकदा साक्कोट्टैला निघाली, तर ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलेलं. बस निम्म्या वाटेत थांबली, माणसं उतरून परत चालू लागली. आत्या उतरेना. "तिकीट साक्कोट्टैचं आहे," एवढंच ती कंडक्टरला तमिळमध्ये सांगे. संध्याकाळी पाणी ओसरलं आणि रिकामी बस एकट्या आत्याला घेऊन साक्कोट्टैला गेली. मधल्या वेळात ड्रायव्हरच्या पुतणीचं लग्न तिनं जवळजवळ जमवत आणलं होतं.

तर अशा आत्याच्या तडाख्यात विजेचा एक प्लग सापडला, त्याची ही हकिकत.

माझी मुलगी झाली ती दिवाळीनंतरच्या पावसात. तिकडे पाऊस तेव्हा पडतो, आणि पडतो म्हणजे सूर्य असतो हे माणूस विसरून जातो. माझे केस तेव्हा गुडघ्यापर्यंत होते आणि दाट इतके, की एकदा भिजले की दिवसभर वाळायचे नाहीत. तिकडची रीत अशी, की न्हाऊन आलेल्या बाईचे केस टोपलीवर पसरायचे आणि खाली निखाऱ्यावर ऊद टाकून धूर द्यायचा. त्याला साम्ब्राणी म्हणतात. वास सुरेख, पण मला लहानपणापासून दम्याची खोड. बाळंतपणानंतरच्या पहिल्या न्हाण्याला धूर दिला आणि माझा श्वास असा अडकला, की ओठ काळेनिळे पडले. शेजारी पाळण्यात पोरही खोकू लागली. डॉक्टरीणबाई आल्या. खोलीत धूर अजिबात नको, आणि ओले केस घेऊन बसणंही नको, असं सांगून त्या गेल्या. धूर नाही, ऊन नाही. मग केस वाळायचे कसे? सासूबाई वाईट नव्हत्या, घाबरल्या होत्या. त्यांनी तोड काढली, "कापून टाकूया खांद्यापर्यंत. जीव मोठा की केस?"

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. केसांसाठी रडावं याची लाज वाटत होती आणि रडू थांबत नव्हतं. माहेर दोन दिवसांच्या गाडीच्या वाटेवर, बोली वेगळी, जेवण वेगळं; आईनं रोज विंचरलेले ते केस तेवढे माझे माझ्याबरोबर आले होते. आत्या दारात उभी होती. ती आत आली, माझ्या केसांचा भार हातात घेऊन तिनं जोखल्यासारखं केलं आणि म्हणाली, "वहिनी, कात्री ठेवा. केस राहतील, धूर जाईल."

"आणि वाळवणार कसे, वन्सं? फुंकून?"

"होय, फुंकूनच," आत्या म्हणाली आणि परसातून घरी गेली.

तिची मुलगी सिंगापूरला दिलेली होती. जावयानं एका खेपेला केस वाळवायचं विलायती यंत्र आणलं होतं. ऊन असता यंत्र कशास, म्हणून आत्यानं ते ट्रंकेत टाकलं होतं. ते आता बाहेर निघालं. पिस्तुलासारखा आकार, चकचकीत धातूचं अंग, काळी मूठ आणि मागे लांब दोरी. दोरीच्या टोकाला प्लग मात्र नव्हता. तिकडची यंत्रं तेव्हा तशीच येत; ज्याच्या भिंतीत जशी भोकं, तसा प्लग त्यानं लावून घ्यावा. दोरीतून तीन तारा डोकावत होत्या, एक लाल, एक काळी आणि एक हिरवी. आणि आमच्या दोन्ही घरांच्या भिंतींत भोकं होती दोन-दोन.

वायरमनला बोलावलं. तो हसरा, चटपटीत माणूस. गल्लीतले सगळे दिवे त्याच्या हातचे, आणि आमच्या घरांतून वावरून मराठीही बोलू लागलेला. त्यानं यंत्र उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "सोपं आहे, अम्मा. हिरवी तार कापून टाकू. उरलेल्या दोहोंना दोन पिनांचा प्लग लावू. प्लगही नको असेल तर तारा तशाच भोकांत घालून वर आगकाडी खुपसू. घट्ट बसतात."

"हिरवी कापायची, तर ज्यानं यंत्र केलं त्यानं ती घातली कशाला?"

"ती थंड देशासाठी असते, अम्मा."

"थंडीचा आणि तारेचा काय संबंध?"

वायरमननं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी डोळे मिटून घेतले. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी शोधलेला तो एकमेव उपाय होता.

आत्यानं यंत्र भाजीच्या पिशवीत घातलं आणि छत्री घेऊन ती वीज कचेरीत गेली. तिथल्या इंजिनियरांना तिनं किती वेळ धरून ठेवलं ते त्यांनाच माहीत, पण परत आली ती सगळं शिकून. लाल तारेतून वीज येते, काळीतून जाते, आणि हिरवी ही जमिनीची तार. यंत्राच्या आत काही बिघडलं आणि वीज त्याच्या धातूच्या अंगात उतरली, तर ती हिरवीतून जमिनीत पळते. हिरवी नसेल तर ज्यानं यंत्र धरलं आहे त्याच्यातून पळते. "ओली बाई, ओली फरशी," आत्या सासूबाईंना म्हणाली, "आणि हा मेला म्हणतो कापून टाकू."

म्हणजे तीन पिनांचा प्लग हवा हे ठरलं. पण बाजारात तीन पिनांचेही दोन निघाले, पाच अँपियरचा लहान आणि पंधराचा दांडगा. दुकानदार म्हणाला, मोठा घ्या, मजबूत असतो. दुसरी बाई घेती. आत्यानं यंत्राच्या मुठीवर कोरलेले आकडे वाचले, वॉटला व्होल्टनं भागलं, दोन अँपियरदेखील पुरे होतात हे दुकानदाराला त्याच्याच पाटीवर करून दाखवलं आणि विचारलं, "आमच्या भिंतीतल्या तारा बारीक. मोठं भोक दिसलं की उद्या कोणी त्यात पाण्याची शेगडी लावेल आणि घर पेटेल. तू येशील विझवावयास?" दुकानदारानं मुकाट्यानं लहान प्लग दिला, आणि त्याच्या जोडीचा सॉकेट.

तरी काम संपलं नव्हतं. तिसरी पिन लावली, पण तिला जमीन कोठे? वायरमन म्हणाला, "तिसरं भोक रिकामं राहू दे, अम्मा. दिसायला तीन दिसतील." यावर आत्या त्याला जे बोलली ते तमिळमध्ये होतं आणि मला तेव्हा तमिळ येत नव्हतं, पण तो लगेच पहार घेऊन आला. परसात विहिरीजवळ, जिथे माती सदा ओली, तिथे भर पावसात खड्डा खणला गेला. त्यात लोखंडी नळी उभी करून तिसऱ्या भोकाची तार तिला जोडली, भोवती ओल धरून ठेवायला कोळसा आणि मीठ यांचे थर दिले. गल्लीतल्या बायका छत्र्या घेऊन जमल्या. तिरुनागेश्वरम्‌ला दर्शनाला निघालेल्या एका म्हाताऱ्या अम्मांनी कोळसा आणि मीठ पाहिलं, हा बाळंतिणीच्या दृष्टीचा उतारा असणार असं ठरवलं आणि नळीला हळदकुंकू वाहून नमस्कार केला. आत्यानं अडवलं नाही. "राहू दे," मला म्हणाली, "तेवढीच विजेस ओळख पटेल."

यात बरेच दिवस गेले. मी केस न धुता पडून होते. डोकं जड, जटा होऊ लागलेल्या. सासूबाई येता-जाता कात्रीकडे बघत. हेसुद्धा एकदा म्हणाले, "आत्या, एवढं कशाला? दोन पिनांवर घेऊ चालवून, एकदाच तर." आत्यानं भाच्याकडे नुसतं पाहिलं.

अखेर सगळं जुळलं. पहिला प्रयोग माझ्यावर करायला आत्यानं साफ नकार दिला. अप्पांना बोलावणं गेलं. अप्पांच्या डोक्यावर शेंडी तेवढी शिल्लक होती. ती भिजवण्यात आली. त्यांना लाकडी पाटावर बसवलं. वायरमननं यंत्र एका स्टुलावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवलं, आत्या म्हणाली, "कोणी हात लावू नका," आणि तिनं भिंतीवरचं बटण दाबलं.

फाट्‌ असा आवाज झाला. दाराशी फ्यूजच्या पेटीतून निळी ठिणगी उडाली, पंखा थांबला, अंधारलेल्या दिवसातला दिवा गेला. अप्पांनी मिटलेले डोळे न उघडता विचारलं, "वाळली काय?"

वायरमननं प्लग काढला आणि यंत्राचे स्क्रू सोडले. आतल्या लाल तारेवरचं रबर ट्रंकेत पडून पडून तडकलं होतं आणि उघडी तार आतून धातूला टेकली होती. यंत्राच्या सगळ्या अंगात वीज उतरली होती. ती उतरल्या क्षणी हिरवीतून जमिनीत गेली आणि फ्यूज उडाला, इतकंच झालं. तो चटपटीत माणूस त्या तारेकडे बघत राहिला. मग त्यानं पाळण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अम्मा, मी कापली असती."

आत्या परसात गेली ती येईना, म्हणून मी भिंतीला धरून मागे गेले. विहिरीच्या काठाशी ती बसली होती आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. आत्याला मी तशी कधी पाहिली नव्हती.

"आत्या, तुम्हांला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय माहीत होतं गे मज? काही नव्हतं." तिनं मान हलवली. "घरातले सारे म्हणाले उगे हट्ट करते. मजही तेच वाटत होतं. ठाऊक नव्हतं, म्हणून तर सोडलं नाही. ज्यांस ठाऊक असतं ते तार कापतात." मग नाक ओढून ती उठली. "जा आत, वारा लागेल तुज."

वायरमननं तारेवर नवं वेष्टण चढवलं. अप्पांची शेंडी वाळली, आत्याचा अंबाडा वाळला, आणि मग शुक्रवारी माझं न्हाणं झालं. दार लावून आत्या माझ्यामागे उभी राहिली. त्या यंत्राचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. पोर मात्र पाळण्यात गाढ झोपली. गरम वारा केसांतून फिरत होता आणि आत्या एकेक बट बोटांनी सोडवत होती. धूर नाही, खोकला नाही. तिचे हात भरून आले असतील, पण शेवटची बट वाळेपर्यंत ती थांबली नाही. सासूबाई दारातून दोनदा डोकावून गेल्या. पुढच्या शुक्रवारी त्या केस सोडून पाटावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, माझेही." यंत्राची कीर्ती पसरली तशा गल्लीतल्या बायका मागायला येऊ लागल्या. आत्या कोणाला नाही म्हणत नसे. फक्त विचारी, "खड्डा खणला?" त्या वर्षी आमच्या गल्लीत फार खोदकाम झालं.

पुढे ह्यांची नोकरी पुण्याला गेली आणि कुंभकोणम सुटलं. अप्पा वारले तेव्हा जाता आलं नाही. त्यानंतर गेले ते मुलगी शाळेत जायला लागल्यावर. आत्या म्हातारी दिसत होती. गाडीच्या पायऱ्या उतराव्यात तशी पाऊल चाचपत चालू लागली होती. दुसऱ्या दिवशी मला घेऊन बाजारात आली. विड्याच्या पानांच्या टोपल्यांपुढे आम्ही उभ्या राहिलो. कुंभकोणमचं पान कोवळं, फिकट हिरवं. तिनं हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तूच निवड गे. मज आता सारी सारखीच दिसतात."

मी निवडू लागले. मग काय वाटलं कोण जाणे, मुद्दाम एक किडकं, कडेनं काळं पडलेलं पान उचलून मी वरच ठेवलं, तिच्या डोळ्यांसमोर. मी वाट बघत होते. ती आता माझा हात धरील, पानवाल्याला धारेवर धरील, सबंध टोपली उलटी करायला लावील.

आत्यानं गड्डी हातात घेतली, त्या पानावरून अंगठा फिरवला आणि पिशवीत ठेवून दिली. "छान निवडलीस," म्हणाली, आणि घराकडे वळताना तिनं आधाराला माझं मनगट धरलं.