दामूकाकांची पाण्याची गोळी

आमच्या कारखान्याची बस दामूकाका चालवत. पहाटे साडेपाचला कर्जतहून निघायची आणि चौक गावावरून रसायनीला पहिल्या पाळीआधी पोचायची. मी तिथे स्टोअरला कारकून. मराठीत एम. ए. केलं होतं, पण नोकरी ही मिळाली. बसायला जागा काकांशेजारी, इंजिनच्या झाकणावर. तिथेच आमची मैत्री झाली. ते अठ्ठावन्नचे, मी पंचविशीतला.

एकतीस वर्षं त्यांनी गाडी चालवली. दारूला कधी शिवले नाहीत. पौर्णिमेला विहारात पंचशील घेताना त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर असे.

दिवाळीनंतर त्यांच्या पायांवर सूज आली. रक्तदाबही निघाला. डॉक्टरांनी पाण्याची गोळी दिली. अंगातलं जादा पाणी ती लघवीवाटे काढते. सकाळी चहानंतर एक, असं सांगितलं.

काकांचा सकाळचा चहा पाचला होई. चौक येईपर्यंत गोळीचा जोर सुरू. बसमध्ये चाळीस माणसं, त्यात पंधरा-सोळा बायका. दोनदा त्यांनी एका बंद ढाब्यापाशी गाडी उभी केली आणि मागे गेले. दुसऱ्या खेपेला दाराजवळच्या सीटवरून पॅकिंगमधली संध्या म्हणाली, "काका, हा नवा स्टॉप कदी मंजूर झाला?"

बस हसली. काकाही हसले. मग रसायनीपर्यंत बोलले नाहीत.

परतताना मी त्यांना म्हणालो, "गोळी रात्री घ्या ना. रात्री घरीच असता."

"बरोबर हाय तुझं. शिकलेला तू."

गाडी थांबायची बंद झाली. काका मात्र रात्री पाच-सहा वेळा उठू लागले. मोरी मागच्या अंगणात. त्यांची बायको ठकूबाई मला म्हणाली, "रातभर कडी वाजते रं. शेजारीण इचारते, चोर आत येतो का भायेर जातो?"

काकांनी संध्याकाळनंतर पाणी तोडलं. फरक पडला नाही. वय झालं, असं ते म्हणत. डॉक्टरांना विचारा, असं मी दोनदा म्हटलं.

"काय इचारू? लय मुततो म्हणून?"

निवृत्तीला चौदा महिने उरले होते. रात्रीची झोप होत नाही हे बसच्या ठेकेदाराला कळलं तर तो गाडी काढून घेईल, अशी भीती होती. मलाही त्यांनी गप्प राहायला सांगितलं. मी राहिलो.

माघातल्या एका मंगळवारी चौकच्या पुढे त्यांची मान खाली गेली. मी ओरडलो. बसची डावी बाजू कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर आदळली. माझ्या कपाळाला चार टाके पडले. काकांचा हात मोडला. संध्या जागीच गेली. चोवीस वर्षांची होती.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरबाईंनी काकांच्या सगळ्या गोळ्या मागवल्या. एक पाकीट वेगळं काढलं.

"ही कधी घेता?"

"रात्री जेवून."

"रात्री घ्यायला कुणी सांगितलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "माझं मीच ठरवलं."

पहाटे जमत नव्हतं तर फेरी संपल्यावर घ्यायची, त्या म्हणाल्या. दुपारी पाय उशीवर उंच ठेवून तासभर पडायचं, म्हणजे पायांत उतरलेलं पाणी रात्र व्हायच्या आत निघून जातं. सांगायला त्यांना दोन मिनिटं लागली. सकाळची फेरी आटोपून काका रोज नऊ ते दोन घरीच असत.

दवाखान्यातच चार-पाच दिवसांत ते रात्री एकदाच उठू लागले. कधी एकदाही नाही. ठकूबाईने हे मला हळू आवाजात सांगितलं.

जामिनावर ते घरी आले तेव्हा गावात बोलणं सुरू झालं होतं की दामू प्यायलेला होता. रक्ताच्या तपासणीत तसं काही निघालं नव्हतं. तरी बोलत होते. काका कुणालाच उत्तर देत नव्हते.

एका दुपारी संध्याची आई आली. येसूबाई. मी तिथेच होतो. काका पाय उशीवर ठेवून पडले होते. ते घाईने उठून बसले. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पाणी घेतलं नाही.

"एकच इचारायला आले, दामूभाऊ. पेलेले व्हतात?"

"नाय."

"मंग झोप कशी लागली?"

 जमिनीकडे बघत काकांनी सगळं सांगितलं. पायांची सूज, गोळी, बंद ढाबा, रात्रीचं उठणं. माझं नाव तेव्हाही घेतलं नाही. ती रात्रीची कल्पना माझी, हे मीच सांगितलं. येसूबाईने माझ्याकडे नीट पाहिलंही नाही.

"गाडी थांबवायची लाज वाटली तुमाला?"

"हो."

"पोरी हसल्या असत्या," ती म्हणाली. "दुसरं काय केलं असतं त्यांनी?"