शालिकरामचे आकडे

नंदनवनच्या बागेत रोज सकाळी शालिकराम माझं डोकं खायचा. कुहीजवळची धानाची शेती ठेक्याने देऊन, बायकोच्या माघारी तो इथल्या फ्लॅटमध्ये एकटा राहायला आला आणि शेजारी म्हणून माझ्या वाट्याला आला. फिरायला आलेली माणसं गुडघ्यांवर बोलतात, भाजीच्या भावावर बोलतात. हा गडी बोलायचा जगभरच्या बंदुकांवर. जपानमध्ये बंदूक घ्यायची तर आधी लेखी परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त, आणि लाख लोकांमागे खून मोजले तर आपल्या दुपटीच्या आसपास. एकदा मी वैतागून म्हणालो, बाप्पा, एक खून माझा कर, पण हे थांबव. तो पुढच्या देशाच्या आकड्यांकडे वळला.

त्याची एकुलती एक मुलगी मिनल अमेरिकेत असते हे कळलं, तेव्हा माझा राग उतरला. नातीच्या, गुंजनच्या शाळेत मुलांकडून दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव करून घेतात, कुणी बंदूक घेऊन शिरलंच तर म्हणून. सहा वर्षांची पोर व्हिडिओ कॉलवर आजोबाला अभिमानाने सांगत होती, की गप्प बसण्यात तिचा वर्गात पहिला नंबर येतो. त्या दिवसापासून हा मोबाइलवर देशोदेशीचे कायदे पाहायला लागला. जगाचं त्याला काही पडलेलं नव्हतं. मुलगी घरी परत यावी, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. दर रविवारी तो तिला नवा आकडा ऐकवायचा आणि ती हं हं करत ऐकायची.

एका रविवारी मात्र तिने त्याला अडवलं. तिकडे मूल कुणाच्या घरी खेळायला पाठवायचं, तर ती आधी विचारून घेते, तुमच्याकडे बंदूक आहे का.

"बाबा, बंदूक तर आपल्याच घरी हाये न," मिनल म्हणाली. "गुंजनले मी तिथं कशी आणू?"

शालिकराम गारच पडला. वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक, रानडुकरांपासून पीक राखायच्या परवान्यावरची, त्याच्या कपाटात उभी होती. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणून तेल द्यायचं. त्याच्या लेखी ती विळ्या-कुदळीतली एक. त्या आकड्यांत आपणही मोडतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

लोकसभेच्या वेळी त्याने ती नेहमीसारखी जमा केली. निकालानंतर मी त्याच्यासोबत ठाण्यात गेलो, तर त्याने ती परत घेण्याऐवजी परवानाच रद्द करायचा अर्ज दिला. बाहेर आल्यावर रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला सुचेना. वडिलांची म्हणून दुसरी एकही वस्तू आपल्याकडे नाही, असं म्हणाला. मग स्वतःच हसला आणि गुंजनला सायकल कोणत्या रंगाची घ्यावी, हे मला विचारत बसला.

त्या रविवारी मी त्याच्याकडे चहाला होतो. फोन लागल्याबरोबर त्याने सांगून टाकलं, बंदूक गेली, आता या. पलीकडून मिनल म्हणाली, की तिने आणि नवऱ्याने तिकडे घर घेतलं. महिना होऊन गेला, पण बाबांना कसं सांगावं हेच तिला कळत नव्हतं. बंदुकीचं तिने नुसतं निमित्त केलं होतं, हे ती बोलली नाही. आम्हा दोघांनाही ते कळलं, आणि मला तिचा संतापच आला.

शालिकराम संतापला नाही. खोल्या किती, ऊन येतं का, एवढं विचारलं, बरं झालं म्हणाला आणि फोन ठेवला. चहा निवून गेला होता.

"मी नुसते आकडेच सांगत राहिलो गा," तो म्हणाला. "घरी ये वं माय, तुह्याबिना करमत नाही, एवढं म्हणाचंच राहून गेलं."

मी म्हणालो, मग आता सांग. त्याने मान हलवली.

"आता घर घेतलं न तिनं. आता म्हटलं, तर पोरगी तिकडे रडत बसन."