कांद्याच्या चाळीतला संसार

फिटर उद्धवराव आमच्याच कंपनीत होते. काळेवाडीला पत्र्याच्या खोलीत राहायचे. शहात्तर सालच्या वैशाखात त्यांच्या पत्नी शालनबाई ट्रंक भरून परांड्याला माहेरी गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "डोक्यावर पत्रा हाय तवर मी येनार न्हाई."

उद्धवरावांचं कामात लक्ष लागेना. अशात चाकणच्या बाजाराला गेले आणि भर दुपारी सहज कांदा साठवायच्या एका चाळीत हात घातला. कांदा थंडगार! उंच जोतं, बांबूच्या कामट्यांच्या भिंती, वर उसाचं पाचट. कांद्याला वारा आणि माणसाला पत्रा, हे त्यांच्या मनाला फार लागलं. त्यांनी तिथेच जागा घेतली आणि चाळी बांधणाऱ्या आबाजींना गाठलं.

"किती पोती?" आबाजींनी विचारलं.

"पोती नाहीत. नवराबायको."

आबाजींनी पुढचं विचारलं, "वली का सुकी?"

"म्हणजे?"

"वला माल भरला की सडतो. मग माझ्या नावानं बोंब नको."

आबाजींना चाळ एकाच रीतीनं यायची. स्वयंपाकघराला ते शेवटपर्यंत 'दुसरा कप्पा'च म्हणाले. खिडकी मागितली तर म्हणाले, "पाडतो. आधी भिंत दाखवा."

बिनपत्र्याचं घर झाल्याचा निरोप गेला तशा शालनबाई आल्या, बघतच राहिल्या. "मी काय कांदा हाय व्हय?"

"न्हाई ताई," आबाजी म्हणाले, "कांद्याची मी दिवाळीपत्तूर हमी देतो. मानसाची देत न्हाई."

बाईंनी ट्रंक न उघडताच पुढच्या कोपऱ्यात ठेवली. "उद्याच्या एस्टीनं मी चालले."

त्या रात्री मात्र त्यांना अंगावर गोधडी घ्यावी लागली.

सकाळी उद्धवराव फर्स्ट शिफ्टला गेले, बाई विहिरीवर. तेवढ्यात शेजारचे भिमाजी कांद्याची गाडी घेऊन निघाले होते. ऐन हंगामात रिकामी चाळ त्यांना बघवेना. शेजारधर्म म्हणून त्यांनी अख्खी गाडी आत ओतली. ट्रंक तळाशी.

बाईंनी आरडाओरडा केला, भिमाजी उपसायलाही लागले. पण आबाजी धावत आले. "भरल्या चाळीला हात लावायचा न्हाई. कांदा दुखावतो. दिवाळीला निघंल ट्रंक."

"अन् तवर मी नेसू काय?"

भिमाजींच्या बायकोनं दोन लुगडी दिली. अर्ध्या घरात कांदा, अर्ध्यात संसार, असा पावसाळा गेला.

दिवाळीला कांदा विकला गेला, ट्रंक निघाली. उद्धवराव रजा टाकून दारात बसून होते. बाईंनी लुगडी धुऊन परत केली, ट्रंक पुसली आणि चहा टाकला. एस्टी चहा उकळतानाच गेली.

पुढच्या हंगामात भिमाजींची गाडी दारात आली. शालनबाईंनी आधी आपली पातळं काढून घेतली, ट्रंक त्याच कोपऱ्यात सरकवली आणि म्हणाल्या, "वता."