रिकाम्या रकान्यातल्या म्हशी

सांगली जिल्ह्यातील तमाम म्हशींना आणि त्यांच्या मालकांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, गोळी पेंड खाल्ल्याने दूध कमी होते.

हे मी म्हणत नव्हते. माझ्या लॅपटॉपमधलं मॉडेल म्हणत होतं. मी आकडेवारीचं काम करते, आणि त्या वेळी एका दूध संघाचं काम हातात होतं. संघाची गोळी पेंड, म्हणजे जनावरांचं गोळ्या पाडलेलं खाद्य, कुपवाडच्या युनिटमध्ये बनायची. तिचा फॉर्म्युला डॉ. सुजाताचा. जनावरांची डॉक्टर. पेंडीसाठी तिनं पक्की नोकरी सोडलेली. चेअरमन आबांनी मला बोलावून सांगितलं होतं, "पेंडीनं दूध वाढतंय का, त्ये आकड्यात दावा. वाढत नसंल तर पुढच्या मीटिंगला युनिटला कुलूप."

निकाल आधी सुजाताला दाखवला. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"माझी पेंड खाऊन म्हैस आटते?"

"मॉडेलच्या मते, हो."

"तुझ्या मॉडेलनं म्हैस बघितलीय?"

"नाही."

"तू?"

"गाडीला आडवी आली होती एकदा."

मी साताऱ्याची, पिशवीतल्या दुधावर वाढलेली. यापुढचा सगळा घोळ त्यातून आला.

आता धंद्यातली अडचण सांगते. आमच्या सर्व्हेत गावांतली सगळी घरं होती. पण दूध मोजून मिळायचं ते फक्त संघाला दूध घालणाऱ्या घरांचं. बाकीच्यांचं घरीच चहात आणि तुपात जायचं. म्हणजे आमच्याकडचे आकडे चाळणीतून आलेले. याला सॅम्पल सिलेक्शन म्हणतात. याचं औषध ठरलेलं आहे. दोन समीकरणं मांडायची. पहिलं विचारतं, हे घर दूध घालतं का? दुसरं विचारतं, घालत असेल तर म्हैस किती देते? दोन्ही एकत्र सोडवली की न दिसणाऱ्या घरांचाही हिशेब राहतो. तेवढं मी केलं होतं.

पेच दुसरीकडेच होता. पेंडीचा गुण कळायचा तर म्हैस मुळात कितपत दुधाळ आहे, ते हवं. म्हणून सर्व्हेत एक प्रश्न होता: मागच्या वेताला किती दूध द्यायची? वेत म्हणजे व्यायल्यापासून आटेपर्यंतचा काळ. हा रकाना जागोजागी रिकामा होता. आणि रकाना रिकामा दिसला की सॉफ्टवेअर ती अख्खी ओळ टाकून देतं. कुणाला विचारत नाही.

मी आबांना फोन लावला.

"ब्लँक हायत न्हवं? मग टाकायच्याच की त्या ओळी. ज्ये न्हाई त्ये न्हाई."

"तसंच केलंय आबा. तेव्हाच म्हशी आटल्या."

"मग सरासरी भरा आन् मोकळ्या व्हा."

सरासरी भरली. आता पेंड खाऊन म्हशी इतकं दूध द्यायला लागल्या की सुजाताही ओशाळली.

"हे मी मीटिंगला दाखवलं तर हसतील मला," ती म्हणाली. "चल, म्हैस बघायला."

कडेगावच्या अलीकडे एका वस्तीवर शालनकाकूंकडे गेलो. त्यांचा रकाना रिकामा होता. गोठ्यात काळी कुळकुळीत म्हैस उभी होती, टेम्पोएवढी. शेजारीण कट्ट्यावर लसूण सोलत बसलेली. मी टॅब काढून रीतसर विचारलं, "काकू, मागच्या वेताला किती दूध द्यायची ही?"

काकूंनी शेजारणीकडे पाहिलं. "देती की, वाईच."

"वाईच म्हणजे किती लिटर?"

"चालतंय चहापुरतं."

टेम्पोएवढी म्हैस आणि चहापुरतं दूध. मी सुजाताकडे पाहिलं. ती छताचे पत्रे बघत होती. थोड्या वेळानं शेजारीण लसूण घेऊन गेली. काकूंनी मला दंडाला धरून म्हशीच्या पलीकडं नेलं आणि कानात म्हणाल्या, "बारा लिटर. पर कुटं बोलू नगासा."

परतताना सुजाता गाडी चालवत हसत होती. "नजर लागते बाई. दुधाची म्हैस चारचौघांत सांगत नाहीत. रोडकी असली तर खुशाल सांगतात."

म्हणजे रकाने उगाच रिकामे नव्हते. आज दूध भरपूर असलं की रकाना रिकामा. आणि भरपूर दुधाच्या म्हशीलाच लोक हौसेनं पेंड घालतात. त्या ओळी टाकल्यावर पेंड खाणाऱ्यांत उरल्या त्या ताकद यावी म्हणून पेंड घातलेल्या आजारी आणि अशक्त म्हशी. सरासरी भरली तेव्हा उलटं झालं. मुळातच दमदार म्हैस कागदावर साधारण ठरली आणि तिचं सगळं श्रेय पेंडीनं लाटलं.

मग रिकामेपणासाठीच तिसरं समीकरण मांडलं: उत्तर मिळालं का? त्यासाठी अशी एक गोष्ट लागते, जिच्यामुळे उत्तर मिळणं बदलतं, पण दूध बदलत नाही. ती आमच्या हाताशी होती. दूध घालणाऱ्यांपैकी काहींना डेअरीच्या रांगेत विचारलं होतं, काहींना त्यांच्या गोठ्यात. कुणाला कुठं, ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. रांगेत रकाने ओस पडलेले, गोठ्यात बरेचसे भरलेले. आणि प्रश्न कुठं विचारला यावरून म्हैस दूध कमीजास्त करत नाही.

तिन्ही समीकरणं एकत्र सोडवली. पेंडीनं दूध वाढत होतं. जाहिरात करावी इतकं नाही, युनिट चालावं इतकं.

मीटिंगमध्ये आबा भडकले. "म्हंजी आमची मानसं दूध लपिवत्यात म्हणता? आवं मॅडम, आमी रांगडी मानसं. सरळ इचारा, सरळ सांगतो."

सुजाता खुर्चीच्या काठावर आलेली. आबांच्या शेजारी त्यांच्याच गावचे डायरेक्टर अण्णा बसलेले, दोघांचा गावात गोठ्याला गोठा लागलेला.

"मग विचारते, आबा. तुमची बिजली म्हैस मागच्या वेताला किती दूध द्यायची?" मी विचारलं.

युनिट माझ्या तीन समीकरणांनी वाचवलं, असं मी बायोडेटात लिहिते. खरं म्हणजे कुलपाचा विषय संपला तो आबांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून अण्णांकडं बघितलं तेव्हा. बघितलं, आणि तोंडातून निघून गेलं:

"देती की... वाईच!"