आईच्या चुलीतला विस्तव

गाडीत शिवणयंत्र, यंत्राला टेकवलेली ट्रंक, आणि गोधडीच्या गुंडाळीवर आई. असे आम्ही दोघं सोलापूर सोडून मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, राहायला निघालो. लढाईचे दिवस होते. माझं शिंपीकाम पार बसलं होतं. माकणीचे कापडवाले गुरुबसप्पा माल न्यायला सोलापुरात यायचे. त्यांच्या गावाला शिंपी नव्हता. घराशेजारची खोली देतो, चला, म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. आई मात्र नळदुर्गच्या रस्त्याला लागेपर्यंत मागंच बघत होती.

मग एकदाच म्हणाली, "दत्तू, तिथं माझं काही झालं तर खांदा कोण देणार रे? चार माणसं तरी ओळखीची नकोत का?"

"आधी पोटाचं बघू," मी खेकसलो. माझी जीभ पहिल्यापासून अशीच.

हद्दीवरच्या करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यावर शिपायानं ट्रंक उघडायला लावली. कपड्यांखालून डझनभर आगपेट्यांचा पुडा निघाला. परक्या मुलखात कुणाच्या दारात उभं राहायची पाळी येऊ नये, म्हणून मी तो मुद्दाम घेतला होता. शिपाई हसत म्हणाला, "क्यों दर्जी, हमारे मुलुख में आग नै मिलती क्या?" मला राग आला, पण नाक्यावर राग गिळावाच लागतो.

नळदुर्गला किल्ल्याखाली बैल सोडले, भाकरी खाल्ली. पुढं नुसतं काळं रान, उन्हानं भेगाळलेलं. तिसऱ्या दिवशी तेरणेचं पात्र दिसलं आणि पलीकडं माकणीची घरं. गुरुबसप्पांची बायको गंगव्वा कडक रोट्टी (ज्वारीची पातळ भाकरी) आणि शेंगांची चटणी घेऊन आली. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलत होती. आईला तिचं सगळं कळत होतं. मी मान डोलवली आणि यंत्राचे नट आवळत बसलो.

गावची एक रीत दुसऱ्याच दिवशी दिसली. सकाळी ज्या घरातनं धूर निघेल तिथं आजूबाजूच्या बाया गोवरीचा तुकडा घेऊन जायच्या, त्यावर विस्तव घेऊन यायच्या आणि आपली चूल पेटवायच्या. आईनंही गोवरी उचलली. मी तिला अडवलं. आपल्याकडं काड्या आहेत, लोकांचे उपकार कशाला?

"विस्तव मागणं म्हणजे भीक नव्हे रे," ती म्हणाली. "त्या निमित्तानं दाराशी जाणं होतं."

नाही म्हणजे नाही, असं मी सांगितलं. तिनं गोवरी खाली ठेवली. मी पहाटे नदीवर आंघोळीला जायचो. परत येईस्तोवर चूल पेटलेली असायची. दिवसभर बंड्या आणि झबली शिवायचो. लोक कापड टाकून जायचे, माप द्यायचे, शिवलेलं घेऊन जायचे. पाच महिन्यांत मी कुणाच्या ओट्यावर टेकलो नाही, आणि कुणी बस म्हटलंही नाही. गावच माणूसघाणं आहे, असं मी आईला सांगायचो. ती ऐकून घ्यायची.

भादव्यात झड लागली आणि आईला ताप भरला. ती काही खाईना. मी फुटाण्यांवर भागवलं. दोन दिवस चूल थंडच होती. तिसऱ्या दिवशी उजाडताना आई गेली. मला रडूही येईना. प्रेतापुढं मुलानं मडक्यात विस्तव घेऊन चालायचं असतं, एवढंच डोक्यात फिरत होतं. मी ट्रंक उघडली. एक पेटी फुटलेली, बाकी अकरा तशाच्या तशा. याचंही नवल करायला वेळ नव्हता. एकेक काडी ओढत गेलो. सर्दावलेला गूल नुसता गळून पडायचा. अख्खी पेटी संपली, बाकीच्याही तशाच सर्दावलेल्या; ठिणगी म्हणून पडली नाही.

शेवटी गंगव्वाच्या दारात जाऊन उभा राहिलो. पहिल्यांदाच.

"आई गेली," म्हटलं. "विस्तव पाहिजे."

तिनं तोंडाला पदर लावला. मग म्हणाली, "चुलीतला विस्तव मढ्यासाठी देत न्हाईत, लेकरा."

मी माघारी वळलो. पण ती आत गेली, गोवरीवर निखारे घेऊन माझ्या शेजारून निघाली आणि सरळ आमच्या खोलीत शिरली. आईच्या चुलीत निखारे टाकले, काटक्या लावल्या, फुंकर घातली. जाळ धरल्यावर म्हणाली, "आता ह्यो तुझ्या घरचा झाला. ह्यातनं ने." मग चुलीकडं बघतच म्हणाली, "तुझी आई रोज न्यायची. तू नदीवर गेलास की यायची. दत्तूला सांगू नका, लई तापट हाय, म्हणायची."

तेव्हा मी रडलो.

मग माणसं यायला लागली. आईचा कुठला गुडघा दुखायचा, हे मला ज्यांची नावंही ठाऊक नव्हती त्या बाया एकमेकींना सांगत होत्या. गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्यात सारून गुरुबसप्पांनी पहिला खांदा दिला. नदीपर्यंत खांदे बदलत गेले, तरी काहींना मिळालाच नाही. मी मडकं धरून पुढं चाललो होतो. पाच महिने परमुलखात मी एकटाच होतो; आई कधीच गावची झाली होती.

तेराव्यानंतर सोलापूरला बहिणीकडं गेलो. ती म्हणाली, आता तिथं कोण आहे तुझं? तरी चार दिवसांनी परत निघालो. नाक्यावर तोच शिपाई होता. ट्रंक चाळून म्हणाला, या वेळी आगपेट्या नाहीत? नाहीत, म्हटलं.

माकणीत पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. चुलीजवळ आईचा गोवरीचा तुकडा होता, एका कडेनं जळलेला. तो घेऊन गंगव्वाकडं गेलो. तिनं निखारा ठेवला आणि म्हणाली, "आई बसायची तेवढं बस की."

मी उंबऱ्याशी बसलो. बोलायची सवय कुठं होती मला? आई इथं बसून काय बोलायची, तेवढंच विचारलं.

"दुसरं काय," गंगव्वा म्हणाली, "तुझंच."