गालिना नव्हे, हालिना

श्रीकांतदादांचा मेसेज आला तेव्हा मी सिंगापुरात, बुकित बातोकच्या आमच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोर कॉफी घेऊन बसले होते. दोनच शब्द होते, ‘वहिनी गेली.’ ती त्यांची बायको, वहिनी माझी. पण माझ्या तोंडचा शब्द उसना घेऊन त्यांनी कळवलं होतं... तिला हाक मारायला त्यांचा स्वतःचा शब्दच उरला नव्हता, असं आता वाटतं.

आमच्याच ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर ते दोघं राहायचे. दादा मूळचे चिपळूणचे, जहाजावर मरीन इंजिनीअर. शिकायला ते ओडेसाला होते, तेव्हा रशिया, युक्रेन हे सगळं मिळून एकच सोविएत देश होता. तिथे त्यांना गालिना भेटली, खारकिवच्या बाजूच्या एका खेड्यातली. तिनेच त्यांना रशियन शिकवलं आणि मग लग्नही केलं. चिपळूणला सासूच्या हाताखाली काढलेल्या दोन पावसाळ्यांत ती मराठी बोलायला लागली, तेही अस्सल स्वयंपाकघरातलं. ‘नारळ खवून ठेव’, ‘आमटी उतू जाईल हो’, असं ती सिंगापूरच्या लिफ्टमध्ये बोलायला लागली की मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. मूलबाळ नव्हतं. घरात दोघांचं बोलणं मात्र रशियनच. त्यातच त्यांची भांडणं, त्यातच थट्टा. ती शिकवण्या घ्यायची त्याही रशियनच्याच. पुस्तकांनी भिंत भरलेली होती, आणि स्वयंपाक करताना ती लहानपणची रशियन गाणी म्हणायची.

एकदा माझ्या मुलीला मी काहीतरी आणायला सांगितलं आणि ती इथल्या इंग्रजीत ‘कॅन लाह, आई’, म्हणजे आणते, असं म्हणून निघून गेली. वहिनी हसली नाही. म्हणाली, ‘‘मीही आईला असंच उत्तर द्यायचे. ती युक्रेनियनमध्ये विचारायची, मी रशियनमध्ये सांगायचे. शहरातल्या शाळेत आईची भाषा म्हणजे गावंढळ. कुणी मारलं नाही गं, नुसते हसायचे. तेवढं पुरतं.’’ तेव्हा मला वाटलं, हे जुनं दुःख आहे, आता त्याचा त्रास उरला नसेल.

मग रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं. तिची म्हातारी आई गावातच होती, घराखालच्या बटाट्यांच्या तळघरात. भाऊ साशा मात्र तरुणपणीच नोकरीसाठी रशियात गेलेला, तिथलाच झालेला. वहिनी फोनवर आईचं ऐकायची आणि मग भावाला फोन लावायची. मी समोर बसलेली असताना एकदा ती त्याच्यावर इतकी ओरडली की दादा आतल्या खोलीतून धावत आले. फोन ठेवल्यावर तिने मला सांगितलं, ‘‘म्हणतो, तुमच्यावर कुणी बाँब टाकत नाहीये. तुम्हाला सोडवायला आलेत. आईने फोन वर धरून त्याला आवाज ऐकवले, तर म्हणाला, तुमचेच लोक टाकताहेत.’’ मग म्हणाली, ‘‘माझा भाऊ आहे गं तो. मला सायकलवर पुढे बसवून शाळेत न्यायचा...’’

आईने गाव सोडावं म्हणून तिने किती विनवण्या केल्या. म्हातारीचं एकच, गाईला कोण बघेल? हिवाळ्यात वीज गेली, रस्ते बंद झाले, तिला न्यूमोनिया झाला आणि डॉक्टर पोहोचू शकला नाही. आईच्या शेजारणीने व्हिडिओसाठी फोन धरला आणि वहिनीने इथे, बाहेर लख्ख ऊन आणि खाली मुलांचा दंगा चालू असताना, सोफ्यावर बसून आईला मातीत ठेवताना पाहिलं. शेजारीण मध्येच रडू लागली की चित्र हलायचं. ‘‘सरळ धर,’’ वहिनी तिला सारखी म्हणत होती, ‘‘सरळ धर ना.’’

त्या दिवसानंतर त्या घरात रशियन बंद झालं. तिने शिकवण्या सोडल्या, गाणी सोडली, पुस्तकं नावं भिंतीकडे करून उलटी लावली. मला म्हणाली, ‘‘मला हालिना म्हण. आई तसंच म्हणायची. गालिना त्या रशियनांनी केलं.’’ मी जरा चाचरले, तर तिनेच वाक्य पुरं केलं, ‘‘तुमच्यात हाल म्हणजे काय ते मला माहीत आहे. चालेल.’’ पण आईची भाषा तिला आता धड येत नव्हती. शब्दासाठी अडायची, रशियन शब्द जिभेवर यायचा आणि ती स्वतःच्याच तोंडावर हात दाबायची. दादांना तर युक्रेनियन मुळीच येत नव्हतं. मग जन्म एका भाषेत काढलेली ती दोघं मराठीत बोलू लागली. तिचं मराठी सासूने दिलेलं, नारळ आणि आमटीचं. आई मेल्यावर नवऱ्याशी जे बोलायचं असतं ते त्यात मावत नव्हतं. ‘‘भूक नाही’’, ‘‘थकले’’, ‘‘दिवा बंद कर’’... एवढ्यावर ते घर चालायचं.

दीड-दोन वर्षांनी तिच्या मेंदूत गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की नंतर शिकलेल्या भाषा आधी जाऊ शकतात. घरी आल्यावर तिने माझ्यासमोर दादांचा हात धरला. ‘‘मी काहीही बोलले तरी त्या भाषेत उत्तर देऊ नकोस. मला त्या भाषेत मरायचं नाही.’’ दादांनी मान डोलावली.

हॉस्पिटलमध्ये इंग्रजी गेलं, मग मराठी गेलं. मला वेडी आशा होती की तळाशी तिच्या आईची भाषा असेल. दादा रोज कान देऊन ऐकायचे आणि माझ्याकडे बघून ‘नाही’ म्हणून मान हलवायचे. होती ती रशियनच. ती पाणी मागायची, दादा पाणी द्यायचे आणि मराठीत बोलायचे, ‘‘घे, हळू घे.’’ तिला कळायचं नाही. अनोळखी भाषेत बोलणाऱ्या या म्हाताऱ्याला बघून ती घाबरायची, पलंगाच्या कडेला सरकायची. ‘मामा’, म्हणजे आई, आणि ‘साशा’ एवढे दोन शब्द मलाही कळत. एका दुपारी ती इतकी रडली की मला राहवलं नाही. ‘‘दादा, बोला हो तिच्याशी!’’ ‘‘शब्द दिलाय मी,’’ ते म्हणाले. पण तिने पुन्हा हाक मारली आणि ते वाकले, तिच्या कानाशी रशियनमध्ये बोलू लागले.

ती शांत झाली. तिने त्यांचा हात धरला, काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, तिने पुन्हा विचारलं. नंतर बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून त्यांनी मला सांगितलं, ‘‘म्हणाली, तुम्ही छान बोलता, कुठे शिकलात? मी म्हटलं, ओडेसाला, एका मुलीने शिकवलं. तर विचारते... ती मुलगी अजून तिथेच आहे का?’’

त्यानंतर ती काही बोलली नाही.

आता दर रविवारी संध्याकाळी मी दादांकडे डबा घेऊन जाते. आम्ही तिच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बसतो. तेवढ्यात रशियातून साशाचा फोन येतो. त्याला बहीण गेल्याचं कळलंय, तिने आपलं नाव काढलं होतं का एवढंच त्याला विचारायचं असणार. दादा फोन उचलत नाहीत, बंदही करत नाहीत. परवा मी म्हटलं, ‘‘सांगून टाका ना त्याला, ती शेवटी त्याला हाका मारत होती म्हणून.’’

‘‘सांगायचं कसं?’’ दादा म्हणाले. ‘‘त्याच्याशी बोलायला माझ्याकडे एकच भाषा आहे.’’

फोन वाजत राहिला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो, आणि मग दादांनी डबा उघडला.